व्याह्यांच्या निऱ्या

कापडातलं मला कळतं! ही बढाई नव्हे, वस्तुस्थिती आहे. नाशकात रविवार कारंजाजवळ आमच्या घराण्याचं कापडाचं दुकान होतं. मी इथे कतारमध्ये गॅस कंपनीत प्रेशर गेज तपासत असलो, तरी हाडाचा कापडवालाच. डोळे बांधा आणि माझ्या चिमटीत कापडाचा तुकडा द्या. नुसतं चोळून सांगतो, माल इचलकरंजीचा की मालेगावचा! आमच्या सौभाग्यवती मृणालिनीबाई यावर म्हणतात, "मग स्वतःचे शर्ट असे कसे हो घेता?" पण ते असो. पिकतं तिथे विकत नाही.

तर आमच्या वल्लरीचं लग्न कॅलमशी ठरत आलं होतं. कॅलम तिच्याच ऑफिसातला, स्कॉटलंडचा. सुरुवातीला आम्ही दोघं तोंडं पाडून बसलो. मग एका शुक्रवारी तो घरी आला, साबुदाण्याची खिचडी मागून मागून खाल्ली, वर ताट उचलून मोरीत ठेवलं. मृणालिनीने त्याच मिनिटाला पक्ष बदलला. मी एकटा विरोधी पक्षात राहून काय करणार?

घोडं अडलं कॅलमच्या वडिलांपाशी. फर्गस त्यांचं नाव. दोह्यापासून लांब, दुखानच्या तेलाच्या विहिरींवर उभा जन्म काढलेला माणूस. तिथल्याच कंपनीच्या टाउनशिपमध्ये बायकोबरोबर, म्हणजे मॉरेगबाईंबरोबर राहतो. उंची दाराएवढी, रुंदीही साधारण तेवढीच, आणि वर तांबडी दाढी! बोलणं मात्र एका शब्दाचं. "आय!" म्हणजे त्यांच्याकडचं 'होय'.

"चहा घेणार?"

"आय."

"यंदा उकाडा फार, नाही?"

"आय."

"आमची वल्लरी कशी वाटली?"

यावर त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्याची लँडक्रूझर होती. तिच्याकडे बघतच ते म्हणाले, "आय."

आता या 'आय'चं काय करायचं? लोणचं घालायचं?

त्या रात्री वल्लरी माझ्याजवळ येऊन बसली. एरवी इंग्रजीत फाडफाड बोलणारी पोरगी, त्या दिवशी चक्क मराठीत बोलली. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"बाबा, मी त्यांना आवडत नाही."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तेच तर! ते बोलतच नाहीत. बाबा, कॅलमचा त्यांच्यावर खूप जीव आहे. ते मनापासून हो म्हणाले नाहीत तर मला हे लग्न नको. आयुष्यभर कुणाच्या घरात उपरं होऊन नाही राहायचं मला."

तिचे डोळे भरून आले, आणि माझेही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "साखरपुड्याच्या दिवशी तो माणूस पोपटासारखा बोलेल! सगळं माझ्यावर सोड."

"नको बाबा, प्लीज. काहीही करू नका."

पण तोपर्यंत माझ्या डोक्यात आयडिया शिरली होती. आणि माझ्या डोक्यात शिरलेली आयडिया म्हणजे घरात शिरलेली मांजर. ती दूध सांडूनच बाहेर जाते.

आयडिया अशी. आपल्याकडे साखरपुड्यात व्याह्यांचा मान असतो. मानाचा पोशाख द्यायचा, आणि तो त्यांनी तिथल्या तिथे घालून मांडवात यायचं. दुसरा कुणी असता तर सफारीचं कापड देऊन मोकळा झाला असता. मी ठरवलं, फर्गसना द्यायचा तो त्यांचाच पोशाख. किल्ट! ते चौकड्यांचं, गुडघ्यापर्यंतचं, निऱ्यांचं वस्त्र. वर जॅकेट, मोजे, कमरेची पिशवी, सगळा सरंजाम. आपल्या मुलखाचा पोशाख परक्या देशात व्याह्याने दिला म्हटल्यावर दगडालाही पाझर फुटेल!

"त्यांचं माप?" मृणालिनीने पहिलाच प्रश्न विचारला.

"कापडवाल्याला टेप लागत नाही. मिठी मारली की कंबर कळते!"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की लग्नाआधी मी कुणाकुणाची मापं घेतली असतील याचा ती विचार करत असावी.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला दुखानला जेवायला बोलावलं. दार उघडताच मी फर्गसना कडकडून मिठी मारली. माझ्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या बोटांना भेटायला पाठीमागे निघाली, ती वाटेतच मुक्कामाला राहिली! अंदाज चुकला. म्हणून सूप झाल्यावर पुन्हा मिठी मारली. ते ताठ झाले. कंबर मिळाली, पण छाती राहिली. ती पुडिंगच्या आधी घेतली. मॉरेगबाईंनी चमचा खाली ठेवला.

आता राहिली लांबी, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. ती कशी घेणार? मी निघताना सरळ फर्गसच्या पाया पडलो! वाकता वाकता दोन विती मोजल्या. पण माणूस घाबरला, आणि काहीतरी उलट करायला हवं असं वाटून तोही वाकला. टकरीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला म्हणतात.

"बाबा!" गाडीत वल्लरी किंचाळली. "तीनदा मिठी? ही इज अ व्हेरी प्रायव्हेट पर्सन!"

"मग? काही म्हणाला का तो?"

"नाही! तेच तर!"

कपाळावर टेंगूळ होतं, पण डोक्यात माप पक्कं होतं. शिवाय त्यांच्या भिंतीवर एक फोटो बघून ठेवला होता. फर्गसचे वडील किल्ट घालून उभे. त्यांच्यात प्रत्येक घराण्याची चौकड्यांची नक्षी वेगळी असते. यांची हिरवी-निळी, मधून लाल रेघ. मी ती नजरेत पकडून आणली, आणि हळूच मोबाइलमध्येही. कापडवाल्याची नजर ती!

एकच गोष्ट खटकली. फोटोत पुढून निऱ्याच नव्हत्या. पुढे सपाट कापड. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याने घाईत उलटा नेसला असणार.

घरी आल्यावर जॅकेटवरून महायुद्ध पेटलं. इंटरनेटवर मी सगळा अभ्यास केला होता. दिवसाचा, साधा कार्यक्रम असेल तर खरखरीत लोकरी ट्वीडचं लांब जॅकेट, शिंगाची बटणं, साधा टाय आणि चामड्याची पिशवी. संध्याकाळचा, थाटाचा कार्यक्रम असेल तर काळं, पुढून आखूड जॅकेट, चकचकीत कॉलर, चांदीची बटणं, बो टाय आणि केसाळ पिशवी.

"साखरपुडा सकाळी अकराला आहे," मी म्हणालो. "म्हणजे साधं."

"व्याह्यांना साधं?" मृणालिनी कडाडली. "पुण्याहून माझी बहीण व्हिडिओ कॉलवर बघणार आहे! म्हणेल, गल्फमध्ये राहून व्याह्याला गोणपाट दिलं."

"अगं, नियम आहे त्यांचा."

"नियम त्यांचा, पण मान आपला! आणि अकराला सुरू झालं तरी जेवणं दोनला, गप्पा, चहा, मंडळी उठेपर्यंत मगरिबची, संध्याकाळची अजान होते. तेव्हा काय करायचं? मधेच कपडे बदलायचे?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे सगळी भांडणं जशी मिटतात तशी तीही मिटली. दोघांचंही ऐकायचं ठरलं. जॅकेट पुढून ट्वीडचं, मागून काळं, कॉलर साटिनची, बटणं शेरवानीची. पुढून दुपार, मागून रात्र!

शिवणार कोण? दोह्यातल्या मुऐदरच्या बाजारात इनायतभाईंचं टेलरिंगचं दुकान आहे. मूळचे रत्नागिरीचे. माणूस अघळपघळ, हात सफाईदार. मी त्यांना मोबाइलमधला चौकड्यांचा फोटो दाखवला.

"असलं कापड मिळेल?"

"ह्ये?" इनायतभाई हसले. "ह्ये तर माज्याकडं तागे पडलेत!" आणि मागच्या फडताळातून त्यांनी तागा काढून टेबलावर आपटला. हिरवं-निळं, मधून लाल रेघ. हुबेहूब! मी चिमटीत धरून चोळलं. डोळे मिटले. वास घेतला.

"अस्सल स्कॉटिश," मी म्हणालो.

"लै टिकाऊ माल, नंदूशेठ. धुवून धुवून बाई मरंल, पन रंग जायचा नाय. आमी दरसाल शेकड्यांनी शिवतो."

"शेकड्यांनी? एवढे लोक घालतात इथे?"

"घालतात म्हंजे? ऑगस्टात या तुमी, बाहेर लाइन लागते!"

मला नवल वाटलं. दोह्यात एवढे स्कॉटिश लोक असतील असं वाटलं नव्हतं. पण ऑगस्टात सुट्टीवरून परत येत असतील बिचारे.

मी मापं सांगितली. कंबर ऐकून इनायतभाईंनी चष्मा काढला.

"पुरुष मानूस हाय?"

"हो. मोठा कार्यक्रम आहे. सगळ्यांसमोर घालायचाय."

"समजलो, समजलो!" त्यांनी डोळा मारला. डोळा का मारला हे मला कळलं नाही, पण मीही मारला. "कंबरेला विलास्टिक टाकतो. उजव्या बाजूला खिसा ठेवतो. आनि खाली दोन इंच दुमड ठेवतो, वाढत्या अंगाचा."

साठीच्या माणसाला वाढत्या अंगाचा! कोकणी माणसाची अदब बघा, मी मनात म्हटलं.

"आणि निऱ्या पुढे हं!" मी बजावलं.

"पुढं? चारी बाजूनी असतात."

"इनायतभाई, नेसूचं वस्त्र आहे हे. सहावारी घ्या, नऊवारी घ्या, लुंगीचा झोळ घ्या. निऱ्या पुढे! मागे निऱ्या म्हणजे काय, बसून चुरगाळायला? कापडातलं मला कळतं."

"तुमी बोलाल तसं. खलास! गुरवारी घेऊन जावा, इन्शाल्ला."

राहिली कमरेची पिशवी. हे लोक पुढे, पोटाखाली, एक चामड्याची पिशवी लटकवतात. मला ती बघताक्षणी ओळख पटली. ही तर आपली चंची! पान-तंबाखूची! सूक वाकिफ या जुन्या बाजारात, ससाणे विकणाऱ्यांच्या गल्लीत, शिकाऱ्यांच्या झकास चामडी पिशव्या मिळतात, त्यातली एक आणली. मृणालिनीला ती ओकीबोकी वाटली म्हणून तिने खाली लाल-पिवळे गोंडे लावले. पोळ्याच्या बैलाला लावतात तसे.

मोज्यात हे लोक एक छोटी सुरी खोचतात. सुरी? शुभकार्यात? मृणालिनी ऐकेना. मी विचार केला, कमरेला चंची असलेला माणूस जवळ काय बाळगेल? अडकित्ता! आमचा पितळी, मोराच्या आकाराचा अडकित्ता होता. तो घासूनपुसून मोज्यांच्या जोडीत ठेवला. सगळं सामान जरीच्या कापडात बांधलं, वर नारळ ठेवला, आणि मी त्या रात्री घोरत झोपलो.

साखरपुडा दोह्याच्या अल हिलाल भागात, एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होता. इथल्या महाराष्ट्र मंडळाची चार घरं, शेजारी, ऑफिसातले लोक. इनायतभाई अत्तर लावून आले होते. आमच्या शेजारीण सुगरा मॅडम आल्या. या रायगडच्या, आणि जवळच्याच एका इंग्लिश शाळेत सुपरवायझर. हसल्या तरी समोरच्याला आपण गृहपाठ विसरलो असं वाटतं, असा त्यांचा चेहरा. वल्लरी पैठणीत अशी दिसत होती की मी दोनदा चष्मा पुसला.

"बाबा, तुम्ही काही केलं नाहीये ना?" तिने हळूच विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो. मृणालिनीने छताकडे बघितलं.

अकराला दार उघडलं आणि फर्गस आत आले. किल्ट घालून!

स्वतःचा किल्ट. जड, लोकरी, उंची कापड. अंगात ट्वीडचं साधं तपकिरी जॅकेट, साधा टाय, कमरेला बिनगोंड्याची पिशवी. पुढे सपाट. मी कौतुकाने पुढे झालो. ते मॉरेगबाईंना आत घ्यायला मागे वळले. आणि मी बघितलं.

निऱ्या मागे होत्या!

एक-दोन नव्हे, सगळ्या! पट्टीने आखल्यासारख्या, मागे, ओळीने! शिवाय कापड. ते हिरवं-निळंच होतं, पण आपल्या कापडाशी त्याचं नातं म्हणजे हापूसचं कैरीच्या गोळीशी असतं तेवढंच. चिमटीत धरायचीही गरज नव्हती, लांबूनच कळत होतं. कापडातलं मला... जाऊ दे.

मी वाऱ्यासारखा आहेराच्या टेबलाकडे गेलो, जरीचं बोचकं उचललं आणि लाडवांच्या खोक्यांमागे दडवलं. त्याच्या जागी एक शाल ठेवली. शाल-श्रीफळ! त्याने कुणाचं कधी वाईट झालं नाही.

पूजा झाली, वल्लरीची ओटी भरली, कॅलमला शेरवानी दिली आणि तो आत जाऊन घालूनही आला. पोरगा राजबिंडा दिसत होता. मग गुरुजी म्हणाले, "आता व्याह्यांचा मान."

मी शाल उचलली.

"अहो!" मृणालिनीचा आवाज हॉलभर घुमला. "आहेर विसरताय! मुख्य आहेर!"

"मृणालिनी, नको."

"नको काय? एवढे लाजताय काय? लाडवांच्या मागे कुणी ठेवला हा?"

"अगं, निऱ्या मागे आहेत!" मी दात-ओठ न हलवता म्हणालो.

"असू दे, मागाहून बघू!" असं म्हणून तिने बोचकं फर्गसच्या हातात ठेवलंसुद्धा. आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं, की आमच्यात मानाचा पोशाख लगेच घालायचा असतो. नाही घातला तर अपशकुन.

फर्गसनी बोचक्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. म्हणाले, "आय." आणि आतल्या खोलीत गेले.

मी मागोमाग धावलो. आतून कडी! "फर्गस साहेब, दार उघडा! छोटासा प्रॉब्लेम आहे!" आतून नुसती कापडाची सळसळ. मग 'टप्' असा इलास्टिकचा आवाज. मी देवाचं नाव घेतलं.

दार उघडलं.

मंडळी, काय सांगू! पुढे घागऱ्यासारख्या फुललेल्या निऱ्या. त्यांच्यावर गोंड्यांची पिशवी, चालताना डावी-उजवीकडे झुलणारी. वर पुढून दुपार, मागून रात्र. मोज्यात अडकित्ता, आणि पावलागणिक त्याचा आवाज, कट्, कट्, कट्! वर ती दाराएवढी मूर्ती, तांबडी दाढी, आणि चेहरा न्यायाधीशाचा. पुण्याच्या मेहुणीने व्हिडिओ कॉलवर नेटवर्क गेलं की काय म्हणून "हॅलो, हॅलो" सुरू केलं.

आणि सुगरा मॅडम उठल्या. वीस वर्षांची सवय! शाळेच्या गेटवर रोज तेच काम. त्या तडक फर्गसच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "टू शॉर्ट!"

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठे आहोत. त्या मागे फिरल्या. "या अल्ला! मृणालिनी, हा तर आमच्या शाळेचा स्कर्ट हाय! मुलींचा! पाचवी ते आठवी!"

"मॅडम, फिकीर नाय!" इनायतभाई गर्दीतून पुढे आले. "खाली दोन इंच दुमड हाय! आत्ता उसवून देतो!" आणि खिशातून कात्री काढून ते व्याह्यांच्या पायाशी उकिडवे बसले.

"इनायतभाई!" मी ओरडलो. "तुम्ही मला शाळेचा युनिफॉर्म दिलात?"

"मग? शेकड्यांनी शिवतो बोललो ना! मला वाटलं, तुमच्या मंडळाचं नाटक हाय. पुरुष मानूस, पोरीचा स्कर्ट, सगळ्यांसमोर घालनार. मी कशाला नाय म्हनू?"

"पण मी म्हणालो ना, अस्सल स्कॉटिश!"

"तुमी बोललात. मी कुटं बोललो? तुमी कापडातले जानकार, मी तुमच्या तोंडाला कशाला लागू?"

हॉलमध्ये कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मॉरेगबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता, त्या रडताहेत की काय कळेना. कॅलम नव्या शेरवानीत पांढराफटक पडला होता. आणि वल्लरी? ती उठून पुढे आली. ती फर्गसच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आय अॅम सो सॉरी. हा शाळेतल्या मुलींचा स्कर्ट आहे. चूक माझ्या बाबांची आहे. पण त्यांनी सगळं तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच केलं. तुम्हाला राग आला असेल तर माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या लेकीचं लग्न मी स्वतःच्या हाताने, इलास्टिक लावून, मोडलं होतं!

फर्गसनी खाली बघितलं. निऱ्या चाचपल्या. उजवीकडच्या खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. मग मान वर करून सुगरा मॅडमना विचारलं, "मी कितव्या इयत्तेत आहे?"

"आठवी," मॅडम म्हणाल्या. "उंचीवरून."

आणि तो माणूस हसला! आधी दाढी हलली, मग खांदे, मग गोंडे! मग सगळा हॉल! मॉरेगबाईंनी रुमाल काढला, तर त्या केव्हाच्या हसत होत्या. इनायतभाई जमिनीवर बसल्या बसल्या हसत होते, हातात कात्री तशीच. हसता हसता फर्गस मटकन खुर्चीवर बसले, अडकित्ता मोज्यातून उडाला आणि गुरुजींच्या ताम्हनात जाऊन पडला.

आणि मग फर्गस बोलले. आयुष्यभराचं साठलेलं एकदम बोलले! इंग्रजीत बोलले, पण मी मराठीत सांगतो, कारण ते माझ्या काळजावर मराठीतच कोरलं गेलंय.

"नंदू," ते म्हणाले, "गेले काही महिने मला झोप नाही. वल्लरीने पहिल्याच दिवशी सांगितलं, माझे बाबा पिढीजात कापडवाले, कपड्यांवरून माणूस ओळखतात. मी तेलाच्या विहिरीवरचा माणूस! आयुष्य बॉयलर सूटमध्ये गेलं. तुमच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटायची मला. काही चुकीचं बोललो आणि मुलाचं लग्न मोडलं तर? तुम्ही मिठी मारलीत, मला वाटलं शर्टाचं कापड तपासताय. पुन्हा मारलीत, वाटलं पसंत पडलं नाही. पायाशी वाकलात, वाटलं बूट बघताय! आजसुद्धा दिवसाचं जॅकेट घालू की रात्रीचं, यावरून मॉरेगशी पहाटेपासून भांडण. दुखानपासून इथपर्यंत गाडीत ती एक अक्षर बोलली नाही."

"रात्रीचं अजून गाडीत ठेवलंय," मॉरेगबाई म्हणाल्या.

"आणि आज," फर्गसनी माझ्या खांद्यावर पंजा ठेवला, माझा तो खांदा अजून दुखतो, "आज हे घातलं आणि माझ्या जिवात जीव आला. कारण मला कळलं, या माणसाला कपड्यांतलं ओ की ठो कळत नाही!"

टाळ्या! माझ्याच मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या!

मग ते वल्लरीकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, तू मला पहिल्या भेटीपासून आवडतेस. कॅलम आणि तू बोलत असता तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो ते डोळे दिसू नयेत म्हणून. मी फक्त तुझ्या बापाला घाबरत होतो."

वल्लरी त्यांच्या गळ्यात पडली. निऱ्यांचा पार चोळामोळा झाला, पण मी एक शब्द काढला नाही. माझ्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मृणालिनी माझ्या कानाशी आली. "ऐकलंत ना? हेच मी लग्नापासून सांगतेय. पण घरच्या माणसाचं पटत नाही, त्याला दुखानहून साहेब यावा लागतो!"

पुढचा धुमाकूळ काय वर्णावा! फर्गसनी तो स्कर्ट उतरवायलाच नकार दिला. म्हणाले, लोकरी किल्ट या हवेत भट्टीसारखा तापतो, आणि त्याला इलास्टिक नाही. जेवायला बसताना पट्टा सैल करायचं काम नाही, ही केवढी सोय! इनायतभाईंनी दुमड उसवून दिली, सुगरा मॅडमनी गुडघा तपासून पास केलं. प्रत्येक जण फर्गसबरोबर फोटो काढून घेत होता. इनायतभाई जॅकेट कसं शिवलं ते सांगत होते आणि व्याह्यांना पाठमोरं वळवून रात्र दाखवत होते. मी पंगतीत फिरून मठ्ठ्याचा आग्रह करत होतो. "यल्ला, यल्ला, चला, बसून घ्या!" बासुंदी संपली, दुसरी मागवली. चहा झाला. मंडळी पोटावर हात फिरवत निघाली. गुरुजीही दक्षिणा घेऊन, ताम्हन पुसून गेले. खालून अजान ऐकू आली. मी खुर्चीवर अंग टाकलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "काय कार्यक्रम झाला! एक गोष्ट राहिली नाही!"

"बाबा," वल्लरी म्हणाली.

मी डोळे उघडले. ती आणि कॅलम रिकाम्या हॉलच्या मधोमध, पाटांवर, सकाळी बसवले होते तसेच पुन्हा येऊन बसले होते. बिचारे जेवलेही नव्हते.

"बाबा, आम्ही अंगठ्या कधी घालायच्या?"